फॉर्मवरचा एक रकाना : ‘कशासाठी?’

रीडिंगरूमवाली
शनिवार, रात्री १०:५२

नागपुरात मानेवाड्याकडे माझी मुलींसाठी रीडिंग रूम आहे. फार मोठी नाही. सासऱ्यांचं किराणा दुकान बंद झालं तेव्हा त्या जागेत प्लायचे कप्पे पाडले, ४२ खुर्च्या टाकल्या, प्रत्येक कप्प्यात एक बल्ब अन् एक प्लग. दोन कूलर आहेत. मे महिन्यात चार असते तरी कमीच पडले असते. सकाळी ६ ते रात्री १०. आता नववं वर्ष सुरू आहे.

मागच्या आठवड्यात कपाटाला वाळवी लागलेली दिसली म्हणून जुन्या फायली अंगणात काढल्या. प्रवेशाचे फॉर्म. नाव, पत्ता, आईबाबांचा नंबर, कोणती परीक्षा, अन् सगळ्यात खाली एक रकाना : ‘कशासाठी’. हा मी टाकलेलाच नाही. पहिल्या वर्षी प्रेसवाल्याने कुठल्यातरी दुसऱ्या फॉर्मचा मसुदा उचलला, त्यात हा आला. माझ्या लक्षात आलं तोवर ५०० प्रती छापून झाल्या होत्या. राहू दिला.

पोरींनी मात्र तो मनावर घेतला. बऱ्याच जणींनी ‘नोकरी’, ‘सरकारी नोकरी’, ‘पीएसआय व्हायचं आहे’ असं लिहिलंय. ‘पप्पांचं स्वप्न’ पण भरपूर. ‘घरी अभ्यास होत नाही’ हे तर इतक्या जणींनी लिहिलंय की मी ते मोजणंच सोडून दिलं, कारण ते काही कारण नाही, ती तक्रार आहे. पण मधूनच एखादा फॉर्म असा निघाला की मी तिथंच बसून राहिले. फायली आवरायला तीन संध्याकाळी गेल्या, त्या अशा.

तीन पोरींबद्दल सांगते. नावं सांगणार नाही.

एक उमरेडकडची. रकान्यात ‘लग्नाला वेळ मिळावा म्हणून’ लिहून त्यावर रेघ मारली अन् खाली ‘एमपीएससी’ लिहिलं. रेघ पातळ होती, वाचता येतं. तिची राज्यसेवा दोनदा पूर्वपरीक्षेतच अडकली. मग वनरक्षक भरतीचा फॉर्म भरला, पहाटे रेशीमबागेच्या मैदानावर तीन किलोमीटरचा सराव करायची अन् घामाने भिजलेलीच माझ्याकडे यायची. लागली. गडचिरोलीत आहे. आई म्हणते बदली करून घे, ती टाळून राहिली आहे.

दुसरी गणिताची. ‘मले गणित आवडते’ एवढंच लिहिलेलं, पेन दाबून. एम.एस्सी.ला तिच्यासारखे गुण मी दुसऱ्या कोणाचे पाहिले नाहीत. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट-सेट परीक्षेचा फॉर्म भर म्हटलं की म्हणायची, ‘काकू, टोपोलॉजी अजून नीट झाली नाही.’ दोन वर्षं ही टोपोलॉजी, गणिताचीच एक शाखा, नीटच होत राहिली. एका क्लासमध्ये महिना १२ हजारांवर शिकवायला लागली, मग लग्न झालं, मग क्लास सुटला.

तिसरीचे वडील ऑटो चालवायचे. ‘पप्पांचं स्वप्न’, पोलीस भरती. २०२१ च्या एप्रिलमध्ये वडील गेले. तीन महिने आली नाही. परत आली तेव्हा मी नवीन फॉर्म भरायला दिला, तेव्हा त्या रकान्यात एकच शब्द होता : ‘पगार’. आज बँकेत क्लार्क आहे, पुढच्या परीक्षा देऊन राहिली आहे.

आता माझा प्रश्न. मला वाटायचं, जिला विषय आवडतो ती सगळ्यात पुढे जाईल. माझ्या फायली उलटं सांगतात. पळ काढायचा होता ती सगळ्यात लांब गेली, अन् आवड होती ती सगळ्यात आधी थांबली. मी चुकीचं वाचते आहे का? तुम्ही कशासाठी शिकत होता, आणि त्या कारणाने तुम्हाला कुठे नेऊन सोडलं?

---

बर्डीचा_भाऊ
शनिवार, रात्री ११:१०

पहिला प्रतिसाद माझा! काकू, कूलर चार घ्या नं बाप्पा, पोरी मरून राहिल्या असतील उन्हाळ्यात.

विषयावर : आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखकडे पाहा. २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, १९ व्या वर्षी ग्रँडमास्टर. खेळ आवडतो म्हणूनच ना? मग आवड थांबवते हे कसं?

---

कडू_कारलं
शनिवार, रात्री ११:३१

झालं. मुलींच्या शिक्षणावर धागा निघाला की दहा मिनिटांत एक विश्वचषकविजेती हजर. भाऊ, तिचे आईवडील दोघं डॉक्टर आहेत, स्पर्धांना पाठवू शकले. तिच्या मेहनतीला सलामच आहे. पण त्या गणितवालीला कोणी दोन वर्षं घरी बसून टोपोलॉजी वाचू दिली असती तर ती पण पुढे गेली असती कदाचित. आवडीला भाडं लागतं.

अन् एकूणच हे ‘प्रेरणा’ प्रकरण मला पटत नाही. आकडे बघा. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणात देशातल्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली आहेत. म्हणजे जवळपास निम्म्या. आता श्रमशक्तीचं सर्वेक्षण घ्या, २०२३-२४ : शहरात १५ वर्षांवरच्या बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या फक्त २८ टक्के. ग्रामीण धरून ४१.७ दिसतात, पण त्यात शेतात नि घरच्या धंद्यात राबणाऱ्या खूप. वर्गात निम्म्या, ऑफिसात पाव. मधल्या मुलींची प्रेरणा काय रस्त्यात सांडली? दार बंद असतं, एवढंच.

---

रीडिंगरूमवाली
शनिवार, रात्री ११:४४

दार बंद असतं हे मान्य. पण एकाच गल्लीतल्या, एकाच पगाराच्या बापाच्या दोन पोरी माझ्याकडे बसतात. एक दारावर धडका देते, दुसरी दार कोणी उघडेल का बघत बसते. हा फरक मला समजून घ्यायचा आहे.

कूलरचं बघते.

---

कळमनेकर
रविवार, सकाळी ७:०५

मी डी.एड. झालेली. आमच्या वेळी गावात बारावीनंतर मुलीला दोनच वाटा, डी.एड. नाहीतर लग्न, आणि डी.एड. झालं की लग्न चांगलं होतं म्हणून खरं तर एकच वाट. कशासाठी शिकत होते? सुरक्षित नोकरी. शाळा अकराला भरते, साडेपाचला सुटते, दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या, सासरी कोणाची हरकत नाही. शिकवायची आवड होती का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मी पण स्वतःला विचारलं नाही.

२०१२ मध्ये शिक्षक भरतीच थांबली. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, मग अभियोग्यता चाचणी आली, मग पोर्टल आलं. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून कोणी ना कोणी ‘भरतीचं काही कळलं का’ विचारतं. त्यांची मुलं आता दहावीला आहेत.

मी दोन वर्षं वाट पाहिली. मग नंदनवनात एका क्लासला टॅली, म्हणजे कॉम्प्युटरवरचे हिशेब शिकले, का तर शेजारची शिकत होती आणि घरात बसून डोकं फिरायला लागलं होतं. आज कळमन्यात एका धान्याच्या अडतीवर हिशेब सांभाळते, दहाएक वर्षं झाली. तुरीचा हंगाम असला की रात्रीचे नऊ वाजतात. मला जमाखर्च जुळला की जो आनंद होतो तो वर्गात झाला असता का, माहीत नाही. गंमत म्हणजे ही आवड नोकरी लागल्यावर तीन वर्षांनी लागली.

तेव्हा आधी आवड, मग शिक्षण, मग काम, हा क्रम कोणी ठरवला?

---

मानसशास्त्राची_बाई
रविवार, सकाळी ११:२०

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, तेव्हा थोडं पुस्तकी बोलते, माफ करा.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ पासून एक मांडणी केली आहे. लोक समजतात की त्यांनी प्रेरणेचे दोन भाग केले, आतली चांगली आणि बाहेरची वाईट. तसं नाही. बाहेरून आलेल्या प्रेरणेच्याही त्यांनी पायऱ्या सांगितल्या. एक : बक्षीस किंवा मार, म्हणून करणं. दोन : लाज आणि अपराधीपणा, ‘बाबांनी इतकं केलं, आता नापास कशी होऊ’. तीन : काम आवडत नाही, पण ते मला हव्या असलेल्या गोष्टीकडे नेतं, हे मी स्वतः ठरवलेलं आहे. आणि या सगळ्यांपलीकडे, नुसती मजा येते म्हणून करणं.

माझ्या पंधरा वर्षांच्या वर्गातल्या अनुभवात दुसरी पायरी सगळ्यात घातक. त्या मुली खूप अभ्यास करतात, परीक्षेच्या आदल्या रात्री उलट्या करतात, आणि निकाल लागला की पुस्तकाकडे बघत नाहीत. पास झाल्या तरी. कारण कर्ज फिटलं.

तिसरी पायरी मात्र मजबूत असते. तुमची ‘पगार’वाली मुलगी बघा. वडील होते तोवर ती दुसऱ्या पायरीवर होती. ‘पगार’ हा शब्द वरून रुक्ष दिसतो, पण तो तिने स्वतः लिहिला. उमरेडची मुलगीही तशीच. राज्यशास्त्राच्या नोट्स तिला कधी आवडल्या नसतील, पण त्या कशासाठी वाचायच्या हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गणितवालीबद्दल मला वाईट वाटतं. निव्वळ आवडीला अंतिम तारीख नसते. टोपोलॉजी कधीच ‘नीट’ होत नाही, तिला थांबायचं कुठे हे सांगणारं बाहेरचं काही नव्हतं. एखादी गाईड, एखादी फेलोशिप, निदान फॉर्म भरून देणारी मैत्रीण.

---

बर्डीचा_भाऊ
रविवार, दुपारी १२:०२

म्हणजे दोन्ही पाहिजे ना, आवड पण अन् पगार पण? डबल इंजिन.

---

मानसशास्त्राची_बाई
रविवार, दुपारी १२:४०

मला पण तसंच वाटायचं. पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या दहा हजारांहून जास्त कॅडेट्सवरचा एक अभ्यास आला. ते अकादमीत का आले, हे प्रवेशाच्या वेळी विचारून ठेवलं होतं, (रीडिंगरूमवाली, अगदी तुमच्या रकान्यासारखं!) आणि नंतरची बरीच वर्षं त्यांची वाटचाल पाहिली. ज्यांची आतली ओढ मोठी होती ते अधिकारी म्हणून टिकले. पण ज्यांची आतली ओढही मोठी आणि पैसा-प्रतिष्ठेसारखे बाहेरचे हेतूही मोठे, ते नुसत्या आतल्या ओढीवाल्यांपेक्षा मागे पडले. दुसऱ्या इंजिनाने पहिल्याला ओढून धरलं.

आता ते बहुतेक तरुण पुरुष होते, लष्करातले, तिकडचे. मानेवाड्याच्या मुलींना ते जसंच्या तसं लावू नये.

---

कडू_कारलं
रविवार, दुपारी १:१५

हे शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून गप्प बसतो. त्या कॅडेटला कोणी म्हणत नव्हतं की या वर्षी नाही लागलास तर पाहुणे येणार आहेत बघायला.

---

इंदोऱ्याची
रविवार, दुपारी ३:३०

इथे कोणी जाईबाई चौधरींचं नाव घेतलं नाही म्हणून लिहिते. १८९२ मध्ये उमरेडला जन्म. लहान वयात लग्न, मग कामठी-नागपूर ओझी वाहायची हमाली. तिथे एका मिशनरी बाईंनी त्यांना पाहिलं आणि शिकवलं. शिक्षिका झाल्या, तर जात कळल्यावर सवर्णांनी मुलं काढून घेतली अन् नोकरी गेली. पुन्हा हमालीला. आणि त्यानंतर १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली.

त्यांच्या फॉर्मवर ‘कशासाठी’च्या पुढे काय असतं? आवड? पगार? मला वाटतं त्या रकान्यात मावलंच नसतं.

माझी आजी १९४२ च्या जुलैमधल्या नागपूरच्या महिला परिषदेला लहानपणी आईच्या कडेवर बसून गेली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि बाबासाहेब बोलले. लग्नाची घाई करू नका, हे तिथे हजारो बायकांसमोर सांगितलं गेलं. आमच्या घरात ते वाक्य पोळ्या लाटताना ऐकू यायचं. पणजी अंगठेबहाद्दर, आजी सातवी, आई नर्स, मी फार्मसी. आम्हाला कोणी विचारलंच नाही ‘कशासाठी’. शिकायचं असतं, बस. जसं सकाळी उठायचं असतं.

पण त्याची दुसरी बाजू पण सांगते. मला चित्रकलेला जायचं होतं. चार पिढ्यांनी रचलेल्या जिन्यावर उभं राहून ‘मला इकडे नाही, तिकडे जायचंय’ म्हणायला तोंड होत नाही. बाई म्हणतात ती दुसरी पायरी, लाजेची, ती आमच्याकडे लाज नाही, अभिमान असते. बाहेरून सारखीच दिसते. आतून वेगळी आहे. मी फार्मसीत वाईट नाही, उलट चांगली आहे. रविवारी रंग काढते.

---

रीडिंगरूमवाली
रविवार, दुपारी ४:१०

इंदोऱ्याची, हे वाचून मी चहा गार केला.

---

दोन_लेकींचा_बाप
रविवार, सायंकाळी ६:००

मी इथे फक्त वाचतो, आज लिहितोय. २०२४ मध्ये शासनाने मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ केली, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅप राऊंडमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश असेल तर. त्याआधी निम्मी होती. माझी मोठी त्याच वर्षी बारावी झाली. तिला बी.कॉम. करून सीए व्हायचं होतं. मी म्हटलं, वेडी आहेस का, फुकट इंजिनिअरिंग मिळते आहे. हिंगणा रोडकडचं कॉलेज, मेट्रोने लोकमान्य नगरला उतरायचं, तिथून कॉलेजची बस.

आता मधेच एक दिवस जेवताना म्हणाली, ‘बाबा, फी माफ झाली, पण ही चार वर्षं कोण माफ करणार?’ मी ताटावरून उठलो. रागावलो नाही, उत्तर नव्हतं.

कोणाला माहिती असेल तर सांगा, इंजिनिअरिंगनंतर सीए करता येतं का, की सगळं वाया गेलं?

---

कळमनेकर
रविवार, सायंकाळी ६:३५

भाऊ, काही वाया जात नाही. आमच्या अडतीच्या सीएंकडेच एक बी.ई. मुलगी आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) करते आहे. कॉमर्स सोडून इतर शाखेचे पदवीधर ६० टक्के असतील तर सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, न देता थेट इंटरमीजिएटला नोंदणी करू शकतात. शेवटच्या वर्षाला असतानाही तात्पुरती नोंदणी होते. म्हणजे तिला आता दोन गोष्टी करायच्या : ६० च्या खाली घसरायचं नाही, आणि सुट्टीत अकाउंट्स वाचायला सुरुवात. पुस्तकं माझ्याकडून घेऊन जा, कळमन्याला या.

अन् धाकटीला विचारून घ्या हो.

---

दोन_लेकींचा_बाप
रविवार, सायंकाळी ६:४१

विचारलं आत्ताच. म्हणते पोलीस. आईने पातेलं आपटलं.

---

पुण्यात_अडकलेली
रविवार, रात्री ९:१५

मूळची सक्करदऱ्याची, हिंजवडीत ७ वर्षं. उशिरा आले पण मला एक सांगायचंय जे अजून कोणी म्हटलं नाही.

आपल्या मुलींकडे कारणं दोन असतात. एक घरी सांगायचं, एक स्वतःचं. घरी सांगायचं कारण भक्कम लागतं, कारण त्याच्यावर फी सुटते, रात्री दहापर्यंत बाहेर राहायची परवानगी मिळते, स्कूटीत पेट्रोल पडतं. मी घरी सांगितलं होतं, ‘कॅम्पस लागतं, पॅकेज चांगलं असतं, मिहानमध्ये (नागपूरच्याच औद्योगिक क्षेत्रात) पण कंपन्या आल्यात, इथंच राहीन.’ माझं स्वतःचं कारण होतं : एकटीने एक खोली भाड्याने घ्यायची आणि दाराला आतून कडी लावायची. बस एवढंच.

शाखा कोणती निवडली ते पहिल्या कारणाने ठरलं. कोडिंग मला तेव्हा पण आवडत नव्हतं. पण पुण्याची ऑफर आली, मिहानची पण आली, तेव्हा मी काय निवडलं ते दुसऱ्या कारणाने ठरलं. बाबांना सांगितलं, मिहानची आलीच नाही. (बाबा हा धागा वाचत नाहीत. वाचत असतील तर सॉरी बाबा, आता सात वर्षं झाली.)

आता गंमत बघा. खोली मिळाली, कडी लावली, कारण संपलं. तिसऱ्या वर्षी प्रमोशनसाठी लोक रात्री जागून सर्टिफिकेशनं करत होते, मला काहीच करावंसं वाटेना. मी जिथं पोचायचं तिथं पोचले होते! मॅनेजर म्हणाला, महत्त्वाकांक्षा कमी आहे. महत्त्वाकांक्षा कमी नव्हती बे, पूर्ण झाली होती. मग मी दोन वर्षं धडपडून नवीन कारण शोधलं. सध्या टेस्टिंग सोडून डिझाइनकडे वळते आहे, पगार थोडा कमी घेऊन.

रीडिंगरूमवाली, तुमच्या उमरेडच्या मुलीवर लक्ष ठेवा. तिचं कारण पण पूर्ण झालंय.

---

रीडिंगरूमवाली
रविवार, रात्री ९:५०

शटर ओढून आत्ता बसले. हे वाचलं अन् पुन्हा फाइल काढली.

तू म्हणते ते खरं आहे बाई. रेघ मारलेलं वाक्य हे तिचं, अन् खालचं ‘एमपीएससी’ हे घरचं. बाकीच्या पोरींनी फक्त घरचंच लिहिलंय, कारण फॉर्मवर आईबाबांचा नंबर आहे, न जाणो कोणी दाखवला तर. मी इतकी वर्षं परवानगीपत्र वाचून त्याला प्रेरणा समजत होते!

गणितवालीचं पण आत्ता कळलं. तिच्याकडे एकच कारण होतं, स्वतःचं. घरी सांगायला काही नव्हतंच. ‘गणित आवडते’ म्हटल्यावर कोणता बाप किती दिवस पैसे देईल? तिने ‘प्राध्यापक होते’ असं नुसतं म्हटलं असतं तरी दोन वर्षं आणखी मिळाली असती. खरं बोलली, तिथं हुकली.

---

मानसशास्त्राची_बाई
रविवार, रात्री १०:०५

हे माझ्या एकाही पुस्तकात या शब्दांत नाही. पण एक धोका आहे, घरी सांगायचं कारण वर्षानुवर्षं बोलून बोलून आपल्यालाच खरं वाटू लागतं. माझ्याकडे तिशीतल्या बायका येतात, एम.ए. बाहेरून करायला. त्यांना विचारलं ‘का’, तर अजून ‘पगारवाढ मिळते’ म्हणतात. नोकरीच नसते. सवय असते तसं सांगायची.

---

कडू_कारलं
रविवार, रात्री १०:२०

चला, मी अर्धा माघार घेतो. दार बंद असतं तेव्हा चावी कोणती दाखवायची हेही कौशल्यच. पण हे कौशल्य मुलांना शिकावं लागत नाही, एवढं नोंदवून ठेवा. माझ्या मुलाने तीन वर्षं ‘विचार करतोय’ एवढ्या कारणावर काढली आणि मीच पैसे दिले. बहिणीला तीन महिने नसते दिले आमच्या वडिलांनी. अन् मी? मुलगी असती तर... जाऊ द्या.

---

कळमनेकर
रविवार, रात्री १०:३१

एक राहिलं. रीडिंगरूमवाली, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये म्हटलंत की ‘घरी अभ्यास होत नाही’ हे कारण नाही, तक्रार आहे, म्हणून मोजलं नाही. मला वाटतं मोजा. मी टॅली शिकायला गेले ते टॅलीसाठी नाही. दुपारी दोन तास कोणी ‘गॅसवर दूध बघ गं’ म्हणत नव्हतं, म्हणून. हिशेबाची आवड त्या दोन तासांत लागली. ती पुस्तकात नव्हती, त्या खुर्चीत होती.

---

बर्डीचा_भाऊ
रविवार, रात्री १०:३८

आमच्या घरी तर माझा पण अभ्यास होत नव्हता. मी क्रिकेट खेळायला गेलो.

---

इंदोऱ्याची
रविवार, रात्री १०:४०

तुला दूध बघायला कोणी सांगितलं नाही भाऊ. तोच तर धागा आहे.

---

एकटी_स्कूटी
सोमवार, सकाळी ८:१२

नमस्कार, पहिल्यांदाच लिहिते. मी २१ वर्षांची आहे, मानेवाडा चौकाजवळच राहते. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं आहे. जर्मन शिकून राहिली आहे, तिकडे नर्स म्हणून नोंदणीला भाषा बी-टू पातळीपर्यंत लागते, मी बी-वनला आहे. धरमपेठेत क्लास आहे पण बाकी दिवसभर घरी मोठ्याने वाचता येत नाही. आजी म्हणते काय भुतासारखं बडबडते. अन् भाऊ हसतो.

काकू, तुमच्याकडे मोठ्याने वाचलं तर चालतं का? आणि त्या रकान्यात काही लिहिलंच पाहिजे का? घरी मी ‘दोन वर्षांत परत येते’ असं सांगितलं आहे.

---

रीडिंगरूमवाली
सोमवार, सकाळी ८:३०

आत मोठ्याने चालत नाही बेटा, बाकीच्या मारतील. पण मागे सासऱ्यांची गोदामाची खोली आहे, पोत्यांची जागा रिकामीच पडली आहे. तिथं खुर्ची टाकून देते, दुपारी १ ते ४ वाच कितीही जोरात. शेजारी फक्त पिठाची गिरणी आहे, ती तुझ्यापेक्षा जोरात चालते.

रकाना रिकामा ठेव. नाहीतर लिही ‘घरी अभ्यास होत नाही’. मोजायला घेतले आहेत मी आता ते फॉर्म, १४० पर्यंत आले आहे, अजून दोन गठ्ठे बाकी. येताना आधार कार्डची झेरॉक्स अन् दोन फोटो आण. स्कूटी गिरणीसमोर लावू नको, चक्कीवाला भांडतो.